मंगळवेढा ते कल्याण जंक्शन : शिंदे घराण्याच्या गाण्याची वाटचाल

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कल्याण पूर्वेला कुठल्याही मंडळाच्या स्टेजसमोर कार्यक्रमाआधी अर्धा तास जाऊन बसावं. ढोलकीवाला कान ढोलकीला लावून बसलेला असतो. कडी ओढायची, थाप मारायची, पुन्हा कडी ओढायची. त्याच्या शेजारी ऑक्टोपॅडवाला वायरी जोडत असतो. कीबोर्डवाला सूर देतो, ढोलकी त्या सुराला येते आणि मग गायक एक हात कानावर ठेवून वरच्या पट्टीत आलाप घेतो. त्या आलापाला माईकची गरज नसते. खुर्च्यांतली कुजबुज थांबते. गाणारा कुणीही असो, त्या आलापात प्रल्हाद शिंदे असतातच. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत गाणं म्हणजे काय, हे आम्ही या आवाजावरून शिकलो.

लोक त्याला ‘शिंदेशाही’ म्हणतात. या संस्थेला ना घटना, ना कार्यालय. एका घरातला गळा तीन पिढ्या हस्तांतरित झाला, ही तिची नोंदणी. प्रत्येक पिढीनं वाद्यं बदलली, साधनं बदलली, गळा मात्र तोच ठेवला. म्हणूनच मला ही वाटचाल मोलाची वाटते.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म 1933 चा. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढा, म्हणजे संत चोखामेळ्याचं मंगळवेढं. घरची गरिबी, आई-वडील भजन-कीर्तनात रमलेले. त्यामुळे गाणं आधी पोटाशी जोडलं गेलं आणि मग कलेशी. तिथून हे कुटुंब कल्याणला आलं, याला एक नकाशाही कारण आहे. 1854 साली रेल्वे कल्याणला पोचली. पुढं बोर घाटातून येणारा सोलापूर-पुण्याकडचा मार्ग आणि थळ घाटातून येणारा नाशिक-खानदेशचा मार्ग, हे दोन्ही इथंच एकत्र झाले. घाटावरून पोट भरायला निघालेला माणूस गाडीतून कल्याणला उतरला, गिरणीत, कारखान्यात, रेल्वेत लागला आणि चाळीत राहिला. त्याच्या वळकटीत भजन होतं, तमाशा होता, वासुदेव होता. शहरात त्याला कव्वाली भेटली, सिनेमाचं गाणं भेटलं. जंक्शनला गाड्या जुळतात तशा इथं चाली जुळल्या.

प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्यात हे सगळं एकवटलं होतं. त्यांनी कव्वालीचे सामने गाजवले. सामना म्हणजे दोन गायन पार्ट्या समोरासमोर, सवालाला जवाब, रात्र सरेपर्यंत. तिथं आवाज बसून चालत नाही, शब्द पुसट झाला तर बाजी गेली. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ या गाण्यातला स्पष्ट, ठसठशीत उच्चार मला त्या सामन्यांतूनच आलेला वाटतो. कव्वालीतली फेक आणि भजनातली विनवणी एकाच तानेत बसवणं ही त्यांची खरी कमाई. आषाढीला देवळाच्या कर्ण्यावर त्यांचा विठ्ठल वाजतो आणि 14 एप्रिलला त्याच गल्लीत त्यांचं भीमगीत वाजतं. दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्यांना तो आवाज आपलाच वाटतो. ज्या मातीत चोखोबांना देवळाबाहेर उभं राहावं लागलं, त्या मातीतला गळा देवळाच्या आत रोज सकाळी घुमतो. या गोष्टीचं मोल शब्दांत मावत नाही.

भीमगीतांची परंपरा त्यांच्याही आधीची. सत्यशोधकी जलशांतून आंबेडकरी जलसे निघाले, भीमराव कर्डकांसारख्यांनी ते गावोगाव नेले, वामनदादा कर्डकांनी त्याला हजारो गाणी दिली. 2004 साली मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. लिहिणारा आणि गाणारा, दोघंही दीड महिन्याच्या आत. तोवर दुसरी पिढी मात्र खांदा देऊन उभी राहिली होती.

ती दुसरी पिढी म्हणजे आनंद आणि मिलिंद. त्यांच्या वाट्याला कॅसेट आली. तबकडी काढायची तर मोठी कंपनी लागायची. 1980 च्या दशकात स्वस्त कॅसेटनं ती अट काढून टाकली. गाणं चहाच्या टपरीवर, रिक्षात, हळदीच्या मांडवात पोचलं. ‘नवीन पोपट हा’ त्याच काळातलं. वडिलांच्या भक्तिगीतांवर वाढलेल्या काही कानांना ते तेव्हा उथळ वाटलं. पण त्या गाण्यातला आनंद शिंदे यांचा आवाज नीट ऐका. तमाशातली खोड आहे, कव्वालीतली उचल आहे आणि खाली ठेका नव्या वाद्यांचा आहे. ठाण्याच्या खाडीपासून अंबरनाथपर्यंत आजही हळदीची रात्र त्यांच्या गाण्यावाचून पुरी होत नाही. पुढं ‘जत्रा’ चित्रपटात अजय-अतुल यांच्या ‘कोंबडी पळाली’त वैशाली सामंत यांच्या जोडीला त्यांचा आवाज लागला. 2012 च्या ‘अग्निपथ’मध्ये तीच चाल हिंदी शब्द घेऊन देशभर नाचली.

तिसऱ्या पिढीत आनंद शिंदे यांचे चिरंजीव हर्षद, उत्कर्ष आणि आदर्श. उत्कर्ष डॉक्टर झाले आणि गाणंही केलं. आदर्श यांनी सुरेश वाडकर यांच्याकडे शास्त्रोक्त तालीम घेतली. घरातला खडा आवाज आता रियाजाच्या शिस्तीत बसला. 2013 च्या ‘दुनियादारी’तलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ ऐकताना हे जाणवतं. मागं गिटार आणि सिंथेसायझर आहे, पण वरच्या सुरावर आवाज चढतो तेव्हा आजोबांची विनवणी उभी राहते. 2016 च्या ‘पोश्टर गर्ल’मधलं ‘आवाज वाढव डीजे’ बाप-लेकांनी एकत्र गायलं. एकाच ठेक्यावर दोन पिढ्यांचे गळे शेजारी ठेवून ऐकायची अशी संधी क्वचित मिळते. 2019 मध्ये बाबासाहेबांवरच्या दूरचित्रवाणी मालिकेचं शीर्षकगीत आदर्श-उत्कर्ष या भावांनी केलं आणि एकेकाळी चाळीच्या अंगणात रंगणारा जलसा घराघरात पोचला.

हे सगळं पाहताना मला अमेरिकेतला सदर्न रॉक आठवतो. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या-काळ्या कष्टकऱ्यांच्या ब्लूज, गॉस्पेल आणि कंट्री गाण्यांना विजेची गिटार जोडली गेली. 1969 साली जॅक्सनव्हिलमध्ये ड्वेन आणि ग्रेग या भावांनी ऑल्मन ब्रदर्स बँड उभा केला. दोन गिटार, दोन ड्रमवाले. जॉर्जियातलं मेकन हे त्यांचं घर झालं. ड्वेन 1971 मध्ये अपघातात गेला, तेव्हा तो अवघा 24 वर्षांचा होता. तरी बँड चालत राहिला आणि 1999 साली ड्रमवादक बुच ट्रक्स यांचा पुतण्या डेरेक गिटार घेऊन त्यात आला. लिनर्ड स्किनर्ड या बँडचा गायक रॉनी 1977 च्या विमान अपघातात गेला. दहा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ जॉनी त्याच्या जागी उभा राहिला. सूर वेगळा, भाषा वेगळी, पण रीत ओळखीची. गाणं प्रदेशाचं असतं आणि ते रक्तातून आणि सवयीतून पुढं जातं. नवं वाद्य आलं म्हणून ते बाटत नाही. उलट नव्या वाद्याला नाकारलं तर ते कपाटात जातं.

मेकनमध्ये ऑल्मन बँड ज्या मोठ्या घरात राहायचा, ते घर आज संग्रहालय आहे. तिथं गिटारी आहेत, पोस्टरं आहेत, जुनी पत्रं आहेत. कल्याणमध्ये सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आहे, कल्याण गायन समाज आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, ठाण्यात गडकरी रंगायतन आहे. यांपैकी एखाद्या वास्तूत एक खोली शिंदेशाहीच्या गाण्यासाठी असावी. पुतळा नको, ऐकण्याची खोली हवी. तबकड्या, सामन्यांची जुनी ध्वनिमुद्रणं आणि कॅसेटची वेष्टनं तिथं जपली जावीत. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा असायचा. पण कोरसमध्ये कोण होतं, ढोलकी कुणी वाजवली, पेटीवर कोण बसलं, हे बहुतेक वेळा त्यावर नसायचं. ती माणसं याच शहरांत म्हातारी होत आहेत. त्यांना शोधून, समोर बसवून, त्यांची आठवण ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवी. तीन पिढ्यांचा गळा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गळ्यामागं कान लावून कडी ओढत बसलेल्या माणसाचं नाव लिहून झालं, की ही वाटचाल खऱ्या अर्थानं नोंदली गेली असं म्हणता येईल.