ऊसतोड कामगार (बीड) आणि आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था

बीड जिल्ह्यातून, त्यात गेवराई तालुक्याच्या उमापूर-चकलांबा भागातूनही, दिवाळीच्या आगेमागे मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची. काम चुकले की ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो.

गर्भाशय शस्त्रक्रिया : एप्रिल २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न उजेडात आणला आणि राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस बजावली. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात तीन वर्षांतील ४,६०५ शस्त्रक्रिया सांगितल्या. राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. दोन्ही आकड्यांचा आधार वेगळा असल्याने त्यांची तुलना करू नये. अनावश्यक शस्त्रक्रियांचे प्रमाण वादग्रस्त आहे.

परदेशी दबाव : ऑक्सफॅम इंडियाने २०२० मध्ये महाराष्ट्रातील ऊसतोड मजुरांवर अहवाल काढला. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स व फुलर प्रोजेक्ट यांच्या शोधवृत्ताने शीतपेय कंपन्यांना आणि साखरेला प्रमाणपत्र देणाऱ्या बॉन्सुक्रोला जाब विचारला. (बॉन्सुक्रोचे सदस्य कारखाने व खरेदीदारही असल्याने तिला निखळ स्वयंसेवी म्हणणे कठीण.) प्रमाणपत्र मिळते कारखान्याला, मजुराचा व्यवहार मुकादमाशी. कारखाना मजुराला आपला कामगार मानत नाही, तोवर हा दबाव फडापर्यंत पोचणे अवघड.

परदेशी निधी : परकीय निधी कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने, परदेशातून मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी घातली व प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातील लहान संस्थेला पैसा देण्याची वाट त्यामुळे बंद झाली. ऑक्सफॅम इंडियाची या कायद्याखालील नोंदणी जानेवारी २०२२ पासून संपुष्टात आली.

मजुरी : दर ठरतो साखर संघ व ऊसतोड संघटनांच्या वाटाघाटीत, लवादासमोर. शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली. संप पुकारण्याची ताकद संघटनांकडे, मतदारसंघ पुढाऱ्यांकडे. परदेशी संस्थेला या बैठकीत खुर्ची नसते.

कल्याण महामंडळ : गोपीनाथ मुंडे यांच्या नावे; निधीसाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये, तेवढाच वाटा शासनाचा.

शिक्षण : गावी मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे.