एका अंशाची लांबी आणि हाताचा हिशेब

अल-बिरुनीने हजार वर्षांपूर्वी पृथ्वी मोजली आणि त्याचे उत्तर आजच्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते, असा मजकूर अधूनमधून मोबाइलवर फिरत असतो. त्याखाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. पाठवणाऱ्यांची भावना मला समजते. मुसलमानांचा इतिहास म्हटला की लढाया आणि तख्त यांचीच चर्चा होते, त्यामुळे एखादा शास्त्रज्ञ सापडला की छाती फुगते. पण या मजकुरात एक साधा प्रश्न कधीच दिसत नाही. बिरुनीने पृथ्वी मोजली ती कोणत्या मापाने? त्याच्या काळात किलोमीटर नव्हता.

आधी अंशांचे गणित पाहू. दोन अक्षवृत्तांत एका अंशाचे अंतर असेल तर जमिनीवर ते सुमारे 111 किलोमीटर भरते. विषुववृत्ताजवळ ते 110.6 आणि ध्रुवाजवळ 111.7 किलोमीटर असते, कारण पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. रेखावृत्तांचे तसे नाही. विषुववृत्तावर त्यांच्यातील एका अंशाचे अंतर 111.3 किलोमीटर असते, मुंबईच्या अक्षांशावर ते सुमारे 105 होते, 60 अंशांवर जवळपास निम्मे उरते आणि ध्रुवावर सगळी रेखावृत्ते एका बिंदूत मिळतात.

आपल्याकडे हे गणित मशिदीपर्यंत येऊन पोहोचते. मक्का मुंबईपेक्षा सुमारे अडीच अंश उत्तरेला आणि 33 अंश पश्चिमेला आहे. सगळे अंश सारखे धरून कागदावर सरळ रेघ ओढली, तर किब्ला पश्चिमेपासून चार-साडेचार अंश उत्तरेकडे येतो. पृथ्वीचा गोलाकार धरून हिशेब केला, तर तो सुमारे 10 अंश येतो. शहरांचे अक्षांश-रेखांश नेमके ठरवण्याची निकड मुस्लिम खगोलज्ञांना वाटली, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

आता बगदादला जाऊ. खलिफा अल-मामूनच्या कारकिर्दीत (813 ते 833) ग्रीक ग्रंथांचे अरबी अनुवाद जोरात सुरू होते. एक अंश म्हणजे 500 स्टेडिया, असे टॉलेमीच्या ग्रंथात होते. अनुवादकांनी शब्द जसाच्या तसा आणला, पण एक स्टेडिया नेमका केवढा हे त्यांना सांगता येईना. आकडा हातात होता, माप मात्र हरवले होते. तेव्हा मामूनने नव्याने मोजणी करण्याचा हुकूम दिला.

आजच्या उत्तर इराकमधील सिंजारच्या सपाट मैदानात खगोलज्ञ आणि मोजणीदार जमले. एक तुकडी सरळ उत्तरेला निघाली, दुसरी दक्षिणेला. आकाशातील उंची बरोबर एका अंशाने बदलेपर्यंत चालायचे आणि तेवढी जमीन मोजायची, अशी ही पद्धत होती. नोंदींमध्ये 56 ते 57 मैलांदरम्यानचे आकडे येतात. त्यातला 56 पूर्णांक दोन तृतीयांश हा सर्वाधिक रूढ झाला.

हा मैल अरबी होता, म्हणजे 4,000 हातांचा. हात 49.3 सेंटिमीटरचा धरला तर एक अंश 111.7 किलोमीटर येतो आणि आपण खूश होतो. पण त्या काळच्या हाताचे 54 सेंटिमीटरचे मापही अभ्यासकांनी मांडले आहे. ते धरले तर हाच अंश 122 किलोमीटरच्या पुढे जातो. हातात पाच सेंटिमीटरहून कमी फरक, पण अंशात दहा किलोमीटरहून जास्त! ‘तंतोतंत’ म्हणणाऱ्यांनी यातला सोयीचा हात निवडलेला असतो.

बिरुनीची गोष्ट याच्या पुढची. सपाट जमिनीवर अशी मोजणी करण्याचा त्याचा एक प्रयत्न मदतीअभावी फसला होता. पुढे नंदना किल्ल्यावर, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील पंजाबात, त्याला एक डोंगर आणि समोर पसरलेले मैदान मिळाले. त्याने डोंगराची उंची काढली, ती 652 हातांच्या किंचित वर भरली. मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते ते मोजले. तो कोन 34 कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा मोठा होता. या दोन आकड्यांवरून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. अंशाची लांबी 56 मैलांच्या किंचित वर आली.

मला बिरुनी सगळ्यात मोठा वाटतो तो यानंतर. आपले उत्तर मामूनच्या लोकांच्या उत्तराजवळ आले, एवढी खात्री करून त्याने पुढच्या हिशेबासाठी त्यांचाच आकडा स्वीकारला. त्यांची साधने अधिक बारकाईची होती आणि त्यांनी कष्टही अधिक घेतले होते, असे त्याने लिहून ठेवले.

तोच आकडा पुढे युरोपात गेला. नवव्या शतकातील अल-फरघानीच्या खगोलग्रंथाचे बाराव्या शतकात लॅटिन अनुवाद झाले. त्यातला 56 पूर्णांक दोन तृतीयांश मैल कोलंबसला आवडला, पण मैल त्याने आपल्याकडचा धरला, सुमारे 1,480 मीटरचा. त्यामुळे त्याचा अंश 84 किलोमीटरचा झाला आणि पृथ्वी एक चतुर्थांशाने आकसली. त्यात त्याने आशिया खंडही पूर्वेकडे फार लांबवून धरला. कॅनरी बेटांपासून जपान साडेचार हजार किलोमीटरच्या आत आहे, असा त्याचा हिशेब निघाला. प्रत्यक्षात ते अंतर साडेएकोणीस हजारांच्या आसपास आहे. वाटेत अमेरिका लागली नसती, तर 1492 मध्ये त्याची माणसे समुद्रातच अन्नपाण्यावाचून मेली असती. बगदादने स्टेडियाबद्दल जो प्रश्न विचारला होता, तो कोलंबसने मैलाबद्दल विचारला नाही.

पुढे फ्रेंचांनी मापच पृथ्वीला बांधले. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे ठरले. म्हणून 10,000 किलोमीटर भागिले 90 केले की 111 येतात. भारतात विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ पोलादी साखळीने पायारेषा मोजली, तेव्हा दुसरी साखळी केवळ पडताळ्यासाठी राखून ठेवली होती. वापराने पहिली साखळी ताणली गेली तर कळावे म्हणून. अंशाची लांबी मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि 1823 मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. सिंजारच्या मोजणीचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो कशाचा हे ठरवून बाळगावा. आपला आकडा आजच्या आकड्याशी जुळला की नाही, हे कोणता हात धरता यावर अवलंबून आहे. खुद्द खलिफाच्या दरबारात ‘हे माप नक्की केवढे?’ असे विचारले गेले आणि उत्तर मिळेना म्हणून माणसे दोर घेऊन उन्हात चालली, ही गोष्ट मात्र कोणताही हात धरला तरी खरी राहते. आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी आपण एवढा एक प्रश्न विचारू लागलो, तरी तो वारसा थोडाफार आपला होईल.