उपकेंद्रातील नर्सबाई

मुंबईहून नाशिककडे निघालेली आगगाडी खर्डी सोडून कसाऱ्याच्या घाटास भिडण्यापूर्वी उंबरमाळीचे लहानसे स्थानक लागते. शहापूर तालुक्याच्या या बाजूस लोहमार्ग १८६१ च्या जानेवारीत कसाऱ्यापर्यंत पोहोचला. तानसा धरणाचे पाणी १८९२ साली मुंबईस जाऊ लागले. पुढे वैतरणा व भातसा यांवरही धरणे झाली. शहापूर तालुक्याने महानगरास इतके दिले. परंतु त्या महानगरात रुजलेली रुग्णपरिचर्येची विद्या शहापूर व शेजारच्या मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर येण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला.

मुंबईत ही विद्या उशिरा आली असे कोणी म्हणणार नाही. १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले, आणि तेथील प्रमुख डॉक्टर एडिथ पीची यांनी एतद्देशीय स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याचा उपक्रम आरंभिला. १८९१ साली काशीबाई गणपत या बाई शिक्षणासाठी दाखल झाल्या, आणि परिचर्येच्या इतिहासग्रंथांत पहिली भारतीय परिचारिका म्हणून त्यांचाच निर्देश होतो. परक्या पुरुषाच्या देहास स्पर्श करणे, जातिभेद न पाहता मलमूत्र काढणे आणि रात्रपाळीस घराबाहेर राहणे, या तिन्ही गोष्टी ज्या समाजात निषिद्ध होत्या, त्या समाजातील स्त्रीने हे पाऊल उचलावे याचे मोल फार मोठे आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करता करता देह ठेवला. त्यांच्यापाशी कोणतीही सनद नव्हती. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन स्थापिले, आणि तेथील स्त्रिया, ज्यांत विधवाही होत्या, ससून रुग्णालयात या शिक्षणासाठी जाऊ लागल्या. ज्या बाईस घरात केवळ दुसऱ्याच्या अन्नावर दिवस काढावे लागत, तिच्या हाती प्रथमच स्वतःचा दरमहा पगार आला. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि या व्यवसायास सरकार-दरबारी मान्यता मिळाली.

हे सारे शहरांतच घडले. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. आणि तीही बहुधा शहरातच असे, हे ध्यानी घेतले म्हणजे ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या पाड्यांचा वाटा काय होता हे निराळे सांगावयास नको. येथे बाळंतपण होई ते सुइणीच्या हातून. अशा सुइणींना शिकविण्यासाठी लेडी कर्झन यांनी १९०३ साली व्हिक्टोरिया स्मारक निधी उभारला होता खरा, परंतु डोंगरातील सुईण त्या योजनेच्या कक्षेबाहेरच राहिली. सुइणीचे वर्णन केवळ अज्ञानाचे आगर म्हणून करण्याची जी रीत पडली आहे ती मला अन्यायाची वाटते. नाळ कापण्याच्या तिच्या पद्धतीत धनुर्वाताचा धोका होता हे निर्विवाद. पण मध्यरात्री हाक आली असता भरल्या ओढ्यातून येणारी तीच एक होती, आणि मूठभर धान्य वा एखादे लुगडे यापलीकडे तिला काही मिळत नसे.

सुइणीच्या त्या जागी सरकारी नर्सबाई आली ती १९५० नंतर. सहायक परिचारिका-प्रसाविका, ज्यांना आज सर्वत्र एएनएम म्हणतात, त्यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम देशात १९५१ साली सुरू झाला. १९५२ च्या २ ऑक्टोबरपासून समूहविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रांची उभारणी होऊ लागली. आणि १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ही केंद्रे, त्यांखालील उपकेंद्रे व तेथील बाया परिषदेच्या दप्तरी आल्या. कर्तारसिंग समितीने १९७३ साली बहुउद्देशीय सेवकांची शिफारस केल्यावर प्रसूती, लसीकरण, हिवतापाच्या रक्ताचे नमुने, लोहाच्या गोळ्या, कुटुंबनियोजन ही सारी कामे एका बाईच्या पदरी पडली. आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. कागदावर तो उदार दिसतो; पण ते तीन हजार लोक डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले असतात, दिवाळीनंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात, आणि लसीचा दुसरा डोस द्यावयाचे मूल कोणत्या भट्टीवर आहे याचा शोधही याच बाईस करावा लागतो. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या पाड्यावरून अडलेल्या बाईला झोळीत घालून आणतात, तेव्हा त्या झोळीबरोबर चिखल तुडवीत चालणारीही पुष्कळदा हीच असते.

आता वेतनाविषयी. बारावीनंतर मुलीस तीन वाटा आहेत: एएनएम, जनरल नर्सिंगची पदविका आणि बी.एस्सी. नर्सिंगची पदवी. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी नेमली जाणारी, पदविका वा पदवी घेतलेली अधिपरिचारिका सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० ते १,१२,४०० या श्रेणीत असते, आणि पुढे परिसेविका, अधिसेविका किंवा शिक्षणसंस्थेतील पाठ्यनिर्देशिका अशा पायऱ्या चढू शकते. एएनएम होऊन जिल्हा परिषदेत लागलेल्या आरोग्यसेविकेची श्रेणी २५,५०० ते ८१,१०० आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, तेव्हापासून त्याच उपकेंद्रात, त्याच रजिस्टरवर काम करणाऱ्या कंत्राटी एएनएम नेमल्या जाऊ लागल्या. त्यांच्या जाहिरातींत मासिक मानधन १८,००० रुपये लिहिलेले आढळते, आणि कंत्राटी अधिपरिचारिकेचे २०,०००. खाजगी इस्पितळांविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही वेतन २०,००० हून कमी नसावे असे सुचविले, पण ती शिफारसच होती, आणि तालुक्यांच्या गावी लहान इस्पितळांत ती पाळली जाईल याची हमी कोणी घेतलेली नाही.

सर्वांत दुर्गम जागी सर्वांत कमी वेतनाची बाई नेमावयाची, हे धोरण कोणी हुकूम काढून ठरविले नसेल. परंतु सत्तर वर्षांचा इतिहास पाहता घडले आहे ते हेच. २०२४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना कायम सेवेत सामावून घेण्याचा निर्णय काढला आहे. त्याचा अंमल शहरांपासून न करता कसारा, डोळखांब, मोरोशी यांसारख्या डोंगरी भागातील उपकेंद्रांपासून करावा, आणि तेथील बाईस राहण्याजोगे घरही द्यावे, एवढी मागणी जिल्हा परिषदेपुढे आणि मंत्रालयापुढे या तालुक्यांतील प्रत्येक ग्रामसभेने ठरावाने मांडावी.