एक कप चहा आणि पुण्याचे दोन पक्ष

चहा पिणं हा गुन्हा होऊ शकतो का? पुण्यात एकदा झाला होता. आणि तोही साध्यासुध्या माणसांचा नाही. आरोपींच्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. इतिहासात हे प्रकरण ‘पंचहौद मिशनचं ग्रामण्य’ म्हणून ओळखलं जातं. शाळेच्या पुस्तकात ते एका ओळीत उरकतात. पण माणसं रूढी का पाळतात आणि का मोडतात, हे समजून घ्यायला इतकं चांगलं उदाहरण दुसरं नसेल असं मला वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर १८९० मधली गोष्ट. गोपाळराव जोशी म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. गोपाळराव हा मोठा विक्षिप्त आणि खोडकर माणूस. त्यांनी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमवली. व्याख्यान झाल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. ख्रिश्चनाच्या हातचा चहा ब्राह्मणाने घेणं म्हणजे त्या काळी धर्म बुडण्यासारखंच. आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर यजमानाचा अपमान, हो म्हणावं तर धर्माचा प्रश्न. काहींनी चहा घेतला. काहींनी कप नुसता हातात घेतला आणि खाली ठेवला. काहींनी हातच लावला नाही. मग सगळे आपापल्या घरी गेले, आणि प्रकरण तिथेच मिटायला हरकत नव्हती.

पण गोपाळरावांनी खरा डाव पुढेच टाकला. हजर असलेल्या लोकांची नावं त्यांनी ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली. चाळीसच्या वर नावं! झालं, पुण्यात एकच गहजब उडाला. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशी बसली, पुणेरी ब्राह्मणांत दोन तट पडले. ‘चहावाले’ वाळीत पडले. टिळकांच्या घरच्या कार्यालासुद्धा भटजी मिळायची मारामार झाली. गंमत म्हणजे हेच टिळक १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याला जोरदार विरोध करत होते. म्हणजे एका हाताने सनातन्यांची बाजू लढवायची आणि दुसऱ्या हाताने त्याच सनातन्यांपुढे चहाचा खुलासा द्यायचा!

इथे मला पहिला मुद्दा दिसतो. त्या संध्याकाळी कोण कुठे गेलं होतं हे पुण्यात काही गुपित नसणार. एवढ्या लोकांनी केलेली गोष्ट लपते थोडीच? कुजबुज झालीच असणार आणि लोकांनी काणाडोळाही केला असता. पण नावं छापून आल्यावर काणाडोळा करायची सोय उरली नाही. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. आता गप्प बसणारासुद्धा त्या पापात भागीदार. कितीतरी रूढी अशाच, मनातल्या श्रद्धेपेक्षा या उघड्यावरच्या हिशेबावर जास्त जगतात. ‘केलंस तर केलंस, पण लोकांना दिसू देऊ नकोस’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्या घरात ऐकू येत नाही?

आता रानड्यांचं काय झालं ते बघा. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात (१९१०) हे सगळं लिहून ठेवलंय. त्यांच्या सांगण्याप्रमाणे रानडे तो चहा प्यायलेच नव्हते. मग खुलासा करून मोकळं का होऊ नये? तर बरोबरच्यांना उघड्यावर टाकून आपण एकट्याने निसटायचं हे त्यांना मान्य नव्हतं. चहा पिण्यात त्यांना पापही दिसत नव्हतं नि पुण्यही. आणि तरीसुद्धा १८९२ मध्ये याच रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, मित्रांची घरची अडचण सुटावी म्हणून. न प्यायलेल्या चहाचं, न मानलेल्या पापाचं प्रायश्चित्त. खुद्द रमाबाईंना ते रुचलं नाही.

आमच्या घरात यावरून कायमचे दोन पक्ष आहेत. धाकट्या मामांचं म्हणणं, रानडे भित्रे. पुरावा म्हणून ते लगेच १८७३ साल काढतात. विधवाविवाहाच्या चळवळीतला हा पुढारी, पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे नमला आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केलं. त्याच पुढे रमाबाई रानडे. आई मात्र म्हणते की वाळीत टाकणं म्हणजे काय हे मामाला कळलेलंच नाही. वाळीत पडतो तो एकटा माणूस थोडाच? त्याच्या बहिणीचं माहेर तुटतं, मुलीचं लग्न अडतं, म्हाताऱ्या बापाच्या श्राद्धाला भटजी मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. दोर आपल्या गळ्यात असतो, पण त्याचं दुसरं टोक कुणाच्या गळ्यात आहे ते बघूनच माणूस हलतो.

मला आईचं पटतं, पण पूर्ण नाही. कारण त्याच पुण्यात, त्याच दिवसांत दोर तोडणारी माणसंही होती. जोतीराव फुले पुण्यात वारले ते २८ नोव्हेंबर १८९० ला, म्हणजे त्या चहापानानंतर जेमतेम दीड-दोन महिन्यांनी. या माणसाने १८६८ मध्येच आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. त्याच्या कितीतरी आधी, शाळा चालवल्या म्हणून, वडिलांचं घर सोडायची पाळी त्यांच्यावर आणि सावित्रीबाईंवर आली होती. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला शहराची विद्वत्ता एका कपाचा न्याय करण्यात गुंतलेली!

आणि मग अण्णासाहेब कर्वे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. म्हणजे कर्व्यांनी ११ मार्च १८९३ ला गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा ते कायद्याने मान्य होऊन सदतीस वर्षं झाली होती! कायदा कधीच पुढे गेला होता, मुरुड आपलं जागच्या जागी. गावाने अण्णांना वाळीत टाकलं, आणि त्यांना घरात घेतलं तर घरच्यांनाही टाकू असा धाक घातला. बघा, दोराचं दुसरं टोक बरोबर पकडलं गावाने.

मग कर्व्यांना हे जमलं कसं? धैर्य होतंच, त्याबद्दल वादच नाही. पण एक साधी गोष्ट आपण विसरतो. अण्णा तेव्हा पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांचा पगार मुरुडच्या हातात नव्हता. प्राचार्य होते आगरकर. दोनच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, डॉ. भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला होता. वाळीत टाकलेल्याला ज्यांच्या पंक्तीला बसता येईल अशी चार घरं तिथे तयार झाली होती. रूढी मोडायला हजार माणसं लागत नाहीत. पण जेवायला बोलावणारी चार घरं मात्र लागतात.

कर्व्यांनीही सगळ्या रूढी एकदम मोडल्या नाहीत हेही लक्षात घ्या. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा तिथे फक्त शिक्षण, लग्नं लावायची नाहीत, असं त्यांनी स्पष्ट केलं आणि विधवाविवाहाच्या मंडळीचं चिटणीसपदही सोडलं. स्वतः पुनर्विवाह केलेला माणूस! काही सुधारकांना हे आवडलं नाही. पण मुलींना आश्रमात पाठवायचं की नाही हे ठरवणारे आईबाप तेच होते, लोकांना भिणारे. एक रूढी मोडायला दुसरी सांभाळावी लागते, हा हिशेब अण्णांनी डोळे उघडे ठेवून केला होता.

हे सगळं इतिहासजमा झालं म्हणावं तर तसंही नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा आजचा कायदा लागू झाला तो थेट २०१७ मध्ये! जातपंचायतींच्या कहाण्या वाचल्या की त्याची गरज का पडली ते कळतं.

आणि घरचं सांगायचं तर, काकांच्या पश्चात आलेल्या पहिल्याच लग्नात आमची काकू हळदीच्या वेळी आतल्या खोलीत बसून होती. कुणी तिला ‘आत जा’ म्हटलं नव्हतं. नंतर मी एकेकीला विचारलं. आत्या म्हणाली, हे खुळचट आहे. मावशी म्हणाली, खुळचट आहे. नवऱ्यामुलाची आईसुद्धा तेच म्हणाली! प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्यांना चालणार नाही. म्हणजे ज्या नियमावर मांडवात एकीचाही विश्वास नव्हता, तो सगळ्यांनी मिळून पाळला.

म्हणूनच मला मे २०२२ मधली हेरवाडची बातमी फार मोठी वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, या प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामपंचायतीने केला. काही दिवसांतच सरकारनेही बाकीच्या गावांना तसं आवाहन केलं. ठरावाने एका दिवसात मनं बदलतात असं मी म्हणत नाही. पण गोपाळरावांच्या यादीने जे केलं ते या ठरावाने उलट्या दिशेने केलं. एकेकट्याच्या मनात होतं ते चारचौघांत मांडलं. मुरुडच्या गावाने माणूस वाळीत टाकला होता, हेरवाडच्या गावाने रूढीच वाळीत टाकली.

मामा-आई वादाचा निकाल मी देणार नाही, मला या घरात राहायचंय :) पण डिसेंबरात बंडूचं लग्न आहे, आणि हे वाचणारे निम्मे लोक त्या मांडवात असणार आहेत. काकूला हळद लावायला पहिलं मी बोलावणार आहे. दुसरं, तिसरं आणि चौथं कोण, ते इथेच खाली लिहून टाका बघू. नावासकट.