जुन्या तंबोऱ्याची दांडी आणि तेलाचें पूट

चंद्रपूर, पूर्वींचा चांदा, या जिल्ह्यांतील घुग्घुस हें गांव तेथील लेण्यांमुळें जुन्या गॅझेटिअरच्या वाचकांस परिचित आहे. आज कोळसा व सिमेंट हीच त्याची मुख्य ओळख. तेथील एका सद्गृहस्थांच्या घरीं आम्हांस मिरजी बांधणीचा एक जुना तंबोरा पाहावयास मिळाला. धुरळा बसून दांडी काळवंडली होती. ती खरवडून, तेल पाजून नवी करावी, असा मालकांचा मानस होता. संग्राहकांपुढें असा प्रसंग वारंवार येतो, म्हणून हें टिपण.

मिरजेस हा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्या घराण्यानें रुजविला. शस्त्रांस धार लावणारे हात वाद्यांकडे वळले. २०२४ सालीं तेथील सतार व तंबोरा यांस भौगोलिक मानांकन मिळालें. दांडी बहुधा तुणीच्या लांकडाची, व तिजवरील लेप स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडा लाखेचा असतो. ही लाख पळस, कुसुम अशा झाडांवरील कीटकांपासून होते, आणि तीं झाडें चांद्याच्या रानांतही आहेत.

मूळ लेप कोणता, हें प्रथम ठरवावें. दांडीच्या झांकलेल्या जागीं स्पिरिटाचा एक थेंब लावावा. लाख असल्यास ती मऊ पडून चिकटते. वाळलेलें जवसाचें तेल सहसा तसें विरघळत नाहीं.

नव्या, कोऱ्या दांडीस तेल द्यावयाचें असल्यास रीत सोपी आहे. ओलसर फडक्यानें पुसून लांकडाचे तंतू उठवावे, तें पूर्ण वाळूं द्यावें, मग बारीक काचकागद रेषांच्या दिशेनें फिरवून भुकटी झाडावी. तेल जवसाचेंच घ्यावें. तें हवेंतील प्राणवायू शोषून घट्ट होतें. खोबरेल तसें वाळत नाहीं व धूळ धरतें. पातळ पूट देऊन उरलेलें तेल पुसावें, आणि तें वाळल्यावांचून दुसरें देऊं नये. तेलाचे बोळे गोळा करून ठेवूं नयेत. ते आपोआप पेट घेतात. ते पसरून वाळवावे.

परंतु जुन्या दांडीस ही रीत लागू नाहीं. काचकागदानें लाखेबरोबर सुताराच्या हत्याराच्या खुणाही जातात. या तंबोऱ्याच्या दांडीवर, तारा छेडतांना बोटें टेकत त्या जागीं, लाख झिजून लांकूड उघडें पडलें होतें. तो कोणी वाजविला याचा कागद घरांत नाहीं. ती झीज हाच त्याचा एकमेव लेख. पोथीच्या समासांतील बोटांचे डाग जो संशोधक धुणार नाहीं, त्यानें ही झीजही घासूं नये.

आमच्या सांगण्यावरून मालकांनीं खरवडणें सोडलें. कोरड्या मऊ फडक्यानें दांडी पुसली, तेव्हां काळिम्याखालून लाखेचा तांबूस रंग दिसूं लागला. झिजलेली जागा तशीच राखली आहे.