चक्र कुठे तुटतं?

महाड-पोलादपूरच्या मुलांना चक्राकार अर्थव्यवस्था शिकवायची, तर व्याख्या बाजूला ठेवा, भाजावळीपासून सुरुवात करा. शेतकरी डोंगरातला टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचा आणि त्या राखेत भाताचं बी पेरायचा. वरकरणी हे चक्रच. पण इंग्रजांच्या वनखात्याने टहाळतोडीवर बंधनं घातली, ठाणे-कुलाब्यात ओरड झाली, आयोग बसला. त्याचा अहवाल १८८७चा. मुद्दा होता, डोंगर कुणाचा?

पुढे महाडला एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आले. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याने सांडपाणी सोडायला संमती लागू लागली, सामायिक प्रक्रिया केंद्रही झालं. पण पाणी साफ करून सोडणं म्हणजे चक्र नव्हे. वापरलेलं द्रावक ऊर्ध्वपातनाने वेगळं काढून पुन्हा कामाला लावणं, हे चक्र.

म्हणून मुलांना एकच पदार्थ द्या आणि विचारायला लावा: आला कुठून, गेला कुठे, झळ कुणाला? सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, बाणकोटला समुद्राला मिळते. नदी काही मागे फिरत नाही. मग वरच्या कारखान्याचा हिशेब खालच्या कोळ्याने का चुकता करायचा? हा प्रश्न मुलाने कारखानदाराला विचारला, की धडा झाला म्हणायचं.