शेतात जुनी धातूची वस्तू सापडली तर काय करावं?

नांगरताना, विहीर खणताना कधी जुनी धातूची वस्तू हाती लागते. हिरवट थर असेल तर बहुधा तांबं किंवा कांसं. तांबूस गंज असून चुंबक चिकटलं तर लोखंड. चिंच-लिंबू लावून घासू नका, खुणा जातात. बॉम्बगोळ्यासारखं दिसलं तर हात न लावता ११२ ला फोन करा.

वस्तूइतकीच महत्त्वाची तिची जागा. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाच्या बुडाशी खणताना कांस्याचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. वजन ६० किलोच्या वर. पण ते शास्त्रीय उत्खननात निघाले नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद राहिले.

तेव्हा वस्तू हलवण्याआधी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. किती खोलीवर होती ते लिहा. जवळची खापरं, नाणी तशीच राहू द्या.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांवर किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्यात आहे.

भंगारात किलोचा भाव मिळेल, गावचा इतिहास मात्र वितळून जाईल.